सेवाकार्य कोणाचे? मुक्ती, माहेर आणि आपली तांदळाची पिशवी



गेल्या दोन रविवारी मिस्साबलीनंतर चर्चच्या अंगणात आम्हाला तिघांनी गाठले. एक वयस्कर काका म्हणाले, "फादर, सरकार आता रेशनवर धान्य फुकट देते. मग आपण गरिबांसाठी वेगळी पेटी कशाला फिरवायची?" रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला असणारा तरुण म्हणाला, "आपण वस्तीवर काही घेऊन गेलो की लोक विचारतात, ह्याच्या बदल्यात काय पाहिजे? मला तर जायचीच लाज वाटते." आणि एक भगिनी थोड्या रागाने म्हणाल्या, "आधी आपली माणसे बघा, मग बाहेरची."

तिन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. प्रवचनाच्या दहा मिनिटांत त्यांना न्याय देता आला नसता, म्हणून या पानावर लिहीत आहोत. संध्याकाळी कुटुंबप्रार्थना झाल्यावर घरात मोठ्याने वाचा. पटले नाही तर तसे येऊन सांगा.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो सर्वांत जुना आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडा. यरुशलेममधली ख्रिस्तसभा अजून अगदी लहान होती. विधवांना रोज अन्न वाटले जात होते आणि त्या वाटपावरून कुरबूर सुरू झाली. ग्रीक बोलणाऱ्यांचे म्हणणे असे की, आमच्या विधवांना डावलले जाते. म्हणजे "आधी आपली माणसे" हे तेव्हाही चालूच होते! प्रेषितांनी तक्रार दडपली नाही की तक्रार करणाऱ्यांना दटावले नाही. त्यांनी सात जण निवडायला सांगितले आणि वाटपाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवली. त्या सातांची नावे पाहा: स्तेफन, फिलिप, निकलाव आणि इतर. सर्व नावे ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली होती त्यांच्यातलीच माणसे कोठाराच्या किल्लीवर बसवली गेली, असेच त्यावरून दिसते. ख्रिस्तसभेतील पहिली सेवासंस्था अशी एका तक्रारीतून जन्मली. ती एकट्याच्या कनवाळूपणावर उभी नव्हती. तिच्यात नेमणूक होती, जबाबदारी होती आणि पक्षपात होऊ नये म्हणून केलेली व्यवस्था होती.

दयाळू शोमरोन्याचा दाखलाही (लूक 10) आपण नेहमी अर्धाच वाचतो. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतणारा शोमरोनी सर्वांच्या लक्षात राहतो, उतारशाळेचा मालक मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. शोमरोन्याने सगळे स्वतः केले नाही. त्याने जखमीला उतारशाळेत नेले, दोन दिनार दिले, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगितले आणि तो आपल्या कामाला निघून गेला. म्हणजे रस्त्यावर थांबणारे माणूस हवे, तसेच रात्री दार उघडणारे घरही हवे. शिवाय त्या घराचा हिशेब कोणीतरी चुकता करायला हवा.

अशी दोन घरे आपल्या दोन तालुक्यांत आहेत. आपण त्यांच्या दारावरून एसटीने जातो-येतो, पण त्यांची गोष्ट आपल्या मुलांना क्वचितच सांगतो.

केडगावचे घर

दौंडहून पुण्याकडे लोकलने जाताना केडगाव स्टेशन लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाई (1858–1922) आपल्या पंथाच्या नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन भगिनींच्या सहवासात झाला. परंतु उपाशी माणसाचा पंथ विचारायचा नसतो, तसा अन्न देणाऱ्याचाही विचारण्याचे कारण नाही. दुष्काळ रमाबाईंनी पुस्तकात वाचला नव्हता. 1874 च्या सुमारास त्यांचे आईवडील उपासमारीतच गेले होते.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणले. पुढे 1896–97 चा मोठा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या. नेमकी तेव्हाच पुण्यात प्लेगची साथ आली आणि शहरात नव्या मुली ठेवायला बंदी झाली. केडगावला त्यांची जमीन होती, ती मुळात फळबाग करून शाळेचा खर्च भागवण्यासाठी घेतलेली. त्या उजाड माळावर तात्पुरत्या झोपड्यांत मुलींची सोय करावी लागली. विहिरी खणल्या, 1898 मध्ये इमारती उभ्या राहिल्या. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तिथल्या मुलाबाळांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

इतक्या जणींना नुसते जेवू घालायचे म्हटले तरी आपल्याला घाम फुटेल. रमाबाईंनी त्यांच्या हाताला काम दिले. विणकाम, शिवण, तेलघाणा, गाईगुरे, शेती आणि छापखाना असे सर्व काही तिथे होते. रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्तीतल्याच छापखान्यात स्त्रियांनी खिळे जुळवून छापले. अंध मुलींसाठी आणि फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी वेगळी सदने होती. अंधांच्या सदनाला बार्तीमयाचे नाव दिले होते. यरीहोच्या वाटेवर ओरडणाऱ्या आंधळ्या भिकाऱ्याचे नाव मोठ्या समजुतीने निवडले आहे.

आता आपल्या तरुण मित्राच्या प्रश्नाकडे वळू. "बदल्यात काय पाहिजे?" हा प्रश्न रमाबाईंनाही विचारला गेला आणि तो फार कडवटपणे विचारला गेला. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा शब्द त्यांनी दिला होता. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तिथे येऊन बसत. यावरून 1893 मध्ये पुण्यात वादळ उठले. 'केसरी'ने टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सहानुभूती असणारे लोक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रसंगात आपण सहज रमाबाईंची बाजू घेऊन मोकळे होतो. आम्ही तसे करणार नाही. स्वतःच्या खोलीत प्रार्थना करण्याचा त्यांचा हक्क निर्विवाद आहे. पण ज्या मुलीला दुसरे घरच नाही तिच्या बाबतीत उघडे दारसुद्धा जड असते, हे पालकांचे म्हणणेही पोकळ नव्हते. मदत घेणारा आणि देणारा कधी समान पातळीवर नसतात. भुकेल्याचा होकार हा मोकळा होकार आहे की नाही, हे देणाऱ्याला पुष्कळदा कळतही नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'स्वातंत्र्य' या शब्दावर आम्ही पाने भरून लिहिली, पण हा साधा मुद्दा आम्हाला वस्तीवर गेल्यावरच उमगला.

आपल्या ख्रिस्तसभेची भूमिका याबाबतीत स्पष्ट आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी डिसेंबर 2005 मध्ये 'देउस कारितास एस्त' हे विश्वपत्र दिले. प्रीतीची सेवा ही दुसरे काही साध्य करण्याचे साधन नव्हे, ती विनामूल्य असते, असे त्यांनी त्यात निक्षून सांगितले आहे. परमेश्वराविषयी केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प राहून प्रीतीलाच बोलू द्यावे, हे ख्रिस्ती माणसाला कळले पाहिजे, असाही त्यांचा आशय आहे. तेव्हा, मित्रा, लाजू नकोस. "बदल्यात काही नको" हे उत्तर दे, आणि ते खरे राहील याची काळजी आपण सर्वांनी मिळून घेऊ. पिशवीत तांदळाबरोबर पत्रक टाकण्याची सूचना मध्यंतरी एकाने केली होती. आम्ही ती का नाकारली, हे आता कळेल.

शारदा सदनाचे बीज कुठे कुठे पडले, हेही सांगितले पाहिजे. तिथे शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये विवाह केला आणि 1896 मध्ये कर्व्यांनी आपली विधवांसाठीची संस्था काढली. ती आपल्या हिशेबाच्या कोणत्याही वहीत जमा होत नाही. व्हायचे कारणही नाही.

वढूचे घर

दुसरे घर शिरूर तालुक्यात, कोरेगाव भीमाहून आत, वढू बुद्रुकला आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचे गाव म्हणून ते सर्वांना माहीत आहे. तिथे सिस्टर लुसी कुरियन यांनी 2 फेब्रुवारी 1997 रोजी 'माहेर' सुरू केले.

त्यामागची घटना सिस्टरांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. 1991 मध्ये पुण्यात एका संस्थेत काम करत असताना एक गर्भवती स्त्री त्यांच्याकडे आली. नवरा आपल्याला मारून टाकील, रात्रीपुरता आसरा द्या, असे तिने विनवले. सिस्टर मठात राहत होत्या आणि बाहेरच्या बाईला ठेवून घेण्याचा अधिकार त्यांना नव्हता. उद्या ये, काहीतरी करू, असे त्यांनी सांगितले. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवले. ती गेली आणि पोटातले बाळही गेले.

या गोष्टीत सिस्टरांना दोष देणे सोपे आहे, पण त्या दिवशी त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच बोललो असतो. खरे सांगायचे तर आम्ही ते बोललेलोही आहोत, फक्त आमच्या वाट्याला तशी रात्र आली नाही. सिस्टर लुसींनी मात्र ते "उद्या" मनातून जाऊ दिले नाही. घर उभे राहायला सहा वर्षे लागली. येशूसंघीय ईशज्ञानी फादर फ्रान्सिस डिसा यांनी त्यांना धीर आणि साथ दिली.

नाव किती नेमके आहे पाहा. सासरी जाच झाला तर मराठी बाई जिथे जाऊ शकते ते माहेर. पण ज्या बाईच्या माहेरचे दार "चार लोक काय म्हणतील" म्हणून बंद झाले आहे, तिला हे माहेर. तिथे हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध अशा सर्व स्त्रिया एकत्र राहतात, काम करणारेही सर्व धर्मांचे आहेत आणि सण सर्वांचे होतात. जातपात विचारली जात नाही. मारहाण झालेल्या स्त्रिया, निराधार मुले, मानसिक आजारामुळे रस्त्यावर भटकणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी वेगवेगळी घरे झाली. आता हे काम केरळ आणि झारखंडातही पोचले आहे.

दरम्यान कायदाही बदलला. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. पीडित स्त्रीने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने मागणी केली, तर त्या कायद्याखालील आश्रयगृहाच्या प्रमुखाने तिला आसरा दिलाच पाहिजे, असे त्यात आहे. 1991 च्या त्या रात्री असा कायदा नव्हता. संस्थांनी वर्षानुवर्षे दार उघडे ठेवले आणि आवाज उठवला, म्हणून राज्याला हे कर्तव्य लिहून घ्यावे लागले.

सरकार असताना आपण कशाला?

इथे काकांचा प्रश्न येतो. 'देउस कारितास एस्त'मध्येच म्हटले आहे की न्याय्य समाजव्यवस्था उभारणे हे राज्याचे काम आहे आणि ख्रिस्तसभेने राज्याची जागा घ्यायची नाही. पण व्यवस्था कितीही न्याय्य असली तरी एकाकीपण आणि दुःख उरतेच, तिथे माणसालाच जावे लागते. त्याआधी 1931 मध्ये पोप पायस अकरावे यांनी पूरकतेचे तत्त्व मांडले होते. आपल्या भाषेत सांगायचे तर जे काम घर करू शकते ते गावाने हिसकावू नये, जे गाव करू शकते ते मुंबई-दिल्लीने हिसकावू नये. मात्र खालच्याची ताकद संपली की वरच्याने हात आखडता घेऊ नये.

पंडिता रमाबाई सरकारच्या नोकर नव्हत्या आणि शत्रूही नव्हत्या. 1897 मध्ये प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची आबाळ होते हे त्यांना दिसले, तेव्हा त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून ते जगासमोर मांडले. पत्राची चर्चा थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेली. भाकरी वाटणाऱ्याने हेही काम करायचे असते.

कधी संस्था वाट पाडते आणि मग राज्य त्या वाटेने येते. मुलांसाठीची 1098 ही फोनसेवा 1996 मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून सुरू झाली. 2023 पासून ती सरकारी यंत्रणेकडे गेली आहे. नंबर तोच आहे, पाठ करून ठेवा. कधी उलट होते: पाण्याचे काम सरकारी पैशाने होते, पण गावाला एकत्र आणायला कोणीतरी लागते. शिरूरच्या वर नगरच्या कोरड्या पट्ट्यात फादर हर्मन बाकर या स्विस येशूसंघीय धर्मगुरूंनी उभी हयात घालवली. त्यांनी आणि क्रिस्पिनो लोबो यांनी 1993 मध्ये पाणलोटाच्या कामासाठी 'वॉटर' ही संस्था काढली. तिच्या कामात गावाने आधी श्रमदान करायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची. फुकट पाणी कोणाला नव्हते. आणि हे काम फक्त ख्रिस्ती लोकच करतात असे समजू नका. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 मुले शिकायला पुण्याला आणली. त्यांचे वाघोलीचे संकुल आपल्या नगर रस्त्यावरच आहे.

आमची चूक

आता जे लिहायचे ते लिहिताना संकोच वाटतो. आपल्या संत व्हिन्सेंट द पॉल संघटनेच्या यादीत एक विधवा भगिनी आहे. नाव सांगणार नाही, ती ख्रिस्ती आहे की नाही हेही सांगणार नाही. नवरा गेल्यावर ती गुऱ्हाळावर चिपाडे वाळवण्याच्या कामाला जाते. घरात शाळेत जाणारी एक मुलगी आहे. चार वर्षे आपण दर महिन्याला तिला पिशवी देत होतो: तांदूळ, डाळ, तेल, साखर, साबण. आम्ही स्वतः दोनदा नाताळात तिच्या घरी गेलो, चहा घेतला, आशीर्वाद दिला.

या पावसाळ्याआधी संघटनेचे दोघे भेटीला गेले. त्यातला एक नुकताच आयटीआय झालेला मुलगा. त्याने सहज विचारले, "काकी, तुम्हाला निराधारचे पैसे मिळतात का?" ती म्हणाली, "ते काय असतं?"

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात 1980 पासून आहे. आज तिच्यात महिन्याला 1500 रुपये, म्हणजे वर्षाला 18,000 रुपये, थेट खात्यात येतात. आपली पिशवी महिन्याला 700 रुपयांचीही नव्हती. चार वर्षे आम्ही तिच्या हातात पिशवी दिली आणि तिचा हक्क कोणत्या कचेरीत पडून आहे हे विचारले नाही. पिशवी देताना आम्हाला बरे वाटत होते, हे त्याचे कारण असावे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने 1965 मध्येच बजावून ठेवले आहे की, न्यायाने जे देणे लागते ते दान म्हणून देऊ नये. हे वाक्य आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते.

अर्ज करताना आणखी एक गोष्ट कळली. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्याचे नाव एक, आधार कार्डावर दुसरे. एवढ्या फरकासाठी तिच्या रोजंदारीचे पाच दिवस मोडले. त्या पाच दिवसांचा रोज संघटनेने तिला दिला. गरिबांसाठीच्या पेटीचा इतका चांगला उपयोग आम्ही बऱ्याच वर्षांत केला नव्हता. काका, पेटी कशाला फिरवायची, याचे आमच्याकडे असलेले उत्तर हे आहे. धान्य सरकार देईल, पण कचेरीच्या बाकावर तिच्या शेजारी बसायला सरकार कोणाला पाठवणार नाही.

अशीच माहिती नसलेली आणखी एक बाब. सार्वजनिक न्यासांच्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. ही योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 पासून आहे. दाखल करतानाच रेशनकार्ड व उत्पन्नाचा दाखला दाखवून तिथल्या समाजसेवकाला भेटा. बिल झाल्यावर आमच्याकडे चिठ्ठी मागायला येऊ नका, आधी या. आणि कोणाच्या दारात बाळ सोडलेले सापडले, तर प्रेमापोटी परस्पर कोणत्याही संस्थेत किंवा मूल नसलेल्या नातेवाइकाकडे देऊ नका. 1098 ला फोन करा. मूल बालकल्याण समितीसमोर न्यावेच लागते आणि दत्तकही कायद्यानेच जाते.

ज्यांना संस्थांना देणगी द्यायची आहे त्यांनी पावती मागावी, नोंदणी क्रमांक बघावा, वर्षाचा तपासलेला हिशेब मागावा. यात अविश्वास नाही. आपल्याही पेटीचा हिशेब या महिन्यापासून सूचनाफलकावर लागेल, अर्थात मदत घेणाऱ्यांची नावे न देता.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडले जाईल. निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे अर्ज भरून द्यायला आपले चार तरुण बसतील. येताना रेशनकार्ड, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, विधवा भगिनी असल्यास पतीच्या मृत्यूचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आणावा. दाखला नसेल तरी यावे, तो कसा काढायचा ते सांगू. शेजारच्या घरातील बाई, मग ती कोणत्याही धर्माची असो, एकटी यायला लाजत असेल तर तिला बरोबर घेऊन या. दौंडच्या बाजूची कुटुंबे पहिल्या गाडीने येतात, त्यांचे अर्ज आधी घेतले जातील. चहाची सोय महिला मंडळाने केली आहे.

आपला ख्रिस्तसेवक,
धर्मगुरू